मागून बोललेलं ऐकू यावं म्हणून

वृंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी इराच्या शाळेबाहेर गाडीत बसलो होतो. फोन त्यांच्या शेजारणीचा, मॉरीनचा होता. शांतपणे गेली, झोपेतच गेली म्हण, असं तिनं सांगितलं आणि मग इथली आयरिश माणसं करतात तसं स्वतःचं रडणं आवरून माझीच चौकशी करत राहिली. तू बरा आहेस ना, शुभदाला कळवलंस का, छोटीला कसं सांगणार आहेस... बातमी अचानक आलेली नव्हती. आदल्याच रविवारी आम्ही तिघं हॉस्पिसमध्ये त्यांना भेटून आलो होतो. तरी फोन ठेवल्यावर काय करायचं ते मला सुचेना. तेवढ्यात शाळा सुटली, निळ्या स्वेटरची गर्दी गेटमधून बाहेर सांडली आणि तिच्यातून इरा आली. दार उघडून बसता बसता तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. कमी ऐकू येणारी मुलं चेहरे फार लवकर वाचतात. "इज इट वृंदामावशी?" तिनं विचारलं. मी मान हलवली. इरानं दोन्ही कानांमागची यंत्रं काढली, डबीत ठेवली, डबी दप्तरात टाकली आणि खिडकीकडे तोंड करून बसली. घर येईपर्यंत मी काही बोललो नाही. बोललो असतो तरी तिला ऐकू गेलं नसतं, आणि तिला तेच हवं होतं.

आता काही आठवडे उलटलेत. इरा पुन्हा बडबडायला लागली आहे, आणि मलाही लिहिता येईल असं वाटतंय.

माझी बायको शुभदा नावन या गावातल्या हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. तिच्या नोकरीमुळे आम्ही आयर्लंडला आलो. मी कराडला शाळेत विज्ञान शिकवायचो. इथे डिपेंडंट म्हणून आलो आणि घर, स्वयंपाक, मूल हे खातं आपोआप माझ्याकडे आलं. पुढे दिवाळीत चकल्या-करंज्यांच्या ऑर्डरी घ्यायला लागलो, ती निराळी गोष्ट. आलो तेव्हा इराला दोन वर्षं होऊन गेली होती आणि ती बोलत नव्हती. काही मुलं उशिरा बोलतात, असं मी आणि शुभदा एकमेकांना सांगायचो. दोघांचाही त्यावर विश्वास नव्हता. इथे ऑडिओलॉजिस्टकडे कानांची तपासणी झाली आणि कळलं की तिला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. बारीक, उंच आवाज तर फारच कमी. मग कानामागे बसणारी दोन गुलाबी यंत्रं आली, आणि ती दिवसभर तिच्या कानांवर टिकवून ठेवणं हे माझं मुख्य काम झालं. दार आपटलं, चमचा पडला की तो आवाज यंत्रातून तिच्या अंगावरच यायचा आणि ती यंत्रं ओढून काढायची.

त्याच वर्षी डब्लिनला एका कम्युनिटी हॉलमध्ये गणपतीचा कार्यक्रम होता. ढोल सुरू झाला आणि इरानं दोन्ही यंत्रं ओढून भिरकावली. एक तिच्याच फ्रॉकमध्ये अडकलं, दुसरं खुर्च्यांखाली गेलं. मी वाकून शोधत होतो, तर समोरून एक बाई, चांगली काठापदराची साडी नेसलेली, केस निम्मे पांढरे, सरळ गुडघ्यांवर येऊन खुर्च्यांखाली शिरल्या. यंत्र सापडल्यावर त्यांनी ते पदराला पुसलं, उजेडात धरून नीट पाहिलं आणि माझ्याऐवजी इराच्या हातात दिलं. "बरं केलंस काढलंस ते," त्या तिला म्हणाल्या. "मी पण काढलं असतं." मग माझ्याकडे वळल्या. "इथे हॉलमध्ये ते पुन्हा नका घालू तिला. चला बाहेर, मीही येते. माझंही डोकं उठलंय."

बाहेर कार पार्कच्या कट्ट्यावर आम्ही तिघं कागदी बशीतले मोदक खात बसलो. डब्लिनच्या चेरीवूड भागातल्या एका कंपनीत त्या अशाच यंत्रांवर काम करत होत्या. बाहेरचं प्लास्टिक दुसरं कोणी करतं, म्हणाल्या, आत जे चालतं ते आमचं. मी प्रामाणिकपणे सांगितलं की मला तो एक छोटा लाउडस्पीकर वाटतो. त्या खळखळून हसल्या. "लाउडस्पीकर असता तर मला पगार कोणी दिला असता? आत कॉम्प्युटर आहे हो. येणारा प्रत्येक आवाज तो तपासतो. हे बोलणं आहे की गोंगाट आहे, हे वाढवू का, ते दाबू का... अखंड ठरवत बसलेला असतो बिचारा. आणि बहुतेक वेळा बरोबर ठरवतो."

"बहुतेक?"

"बहुतेक," असं म्हणून त्यांनी अख्खा मोदक तोंडात टाकला.

ओळख अशी झाली आणि मग ती वाढतच गेली. वृंदाताई मूळच्या इचलकरंजीच्या. वडील यंत्रमागावर कामगार. पुण्याला इंजिनिअरिंग केलं, पुढच्या शिक्षणासाठी डब्लिनला आल्या आणि राहिल्या. लग्न केलं नाही. का नाही, असं कोणी विचारलं तर "राहून गेलं" म्हणायच्या आणि विषय बदलायच्याही नाहीत, समोरच्यालाच बदलावा लागायचा. स्वयंपाक वाईट करायच्या. आमटी पातळ, भात चिकट. पण आमच्याकडे येताना हटकून काहीतरी करून आणायच्या आणि ते आम्हाला खावं लागायचं. कसं काय, या प्रश्नाला "ग्रँड", म्हणजे एकदम छान, हे इथलं उत्तर त्यांनी इतकं आपलंसं केलं होतं की पाय मुरगळला तरी ग्रँड आणि गाडी बंद पडली तरी ग्रँड.

इरा चार वर्षांची असताना आमच्या घरात एक वाद पेटला होता. ओळखीतल्या एका शहाण्या गृहस्थांनी सांगितलं होतं की मुलीला आधीच ऐकायला कमी येतं, त्यात दोन भाषांचं ओझं कशाला, घरात इंग्रजीच बोला. शुभदाला ते पटायला लागलं होतं. ती दिवसभर वॉर्डात इंग्रजी बोलायची, तिला ते जड नव्हतं. मला होतं. त्यात माझी आई गावाहून सहा महिन्यांसाठी आलेली, तिला इंग्रजीचा गंध नाही. आई इराला हाका मारायची आणि इरा बहुतेक वेळा वळूनही बघायची नाही. "माझी हाकच पोचंना झालीया पोरीपत्तुर," असं म्हणून आईनं एकदा डोळ्यांना पदर लावला. त्यानंतर शुभदा मला म्हणाली, "मंगेश, आपण आपल्या हौसेसाठी तिला मागे ठेवतोय का रे?"

वृंदाताईंना हे सांगितलं तेव्हा त्या मत वगैरे देत बसल्या नाहीत. रविवारी येते म्हणाल्या, आल्या, आणि आमच्या स्वयंपाकघरात जमिनीवर भिंतीला टेकून बसल्या. दिवसभर. इरा फरशीवर ठोकळे मांडत होती. मी ओट्यापाशी, आई टेबलाशी लसूण सोलत, शुभदा ये-जा करत. मिक्सर लावला, नळ सोडला, वरचा पंखा तर चालूच. वृंदाताई नुसत्या बघत होत्या. मध्येच त्या आईला म्हणाल्या, "मावशी, आता समोर येऊन बोला तिच्याशी." आई समोर गेली, बोलली, इरा हसली. "आता मागं जा." आई मागे गेली, तेच बोलली. इरा ठोकळेच मांडत राहिली. मग त्यांनी मला मिक्सर, नळ, पंखा सगळं बंद करायला लावलं. आई मागूनच बोलली आणि इरानं मान वळवली.

जेवताना त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. गोंगाट वाढला की ते यंत्र समोरच्या आवाजावर रोखलं जातं आणि मागचं, बाजूचं कमी करतं. मोठ्या माणसासाठी हे उत्तम. हॉटेलात बसलाय, बोलणारा समोर आहे, बाकीचं कशाला हवं? "पण हिचं तसं नाही ना. हिच्याशी समोर बसून बोललेलं ते किती? घरात जे आपापसात बोलणं चालतं, त्यातून पोरं भाषा उचलतात. ते सगळं हिच्या पाठीमागे चाललेलं असतं. आणि यंत्र म्हणतं, नको ते." मी विचारलं, मग तुम्ही बदलून देता का? त्यांनी लगेच हात वर केले. "छे! मी हात लावणार नाही. ते तुमच्या ऑडिओलॉजिस्टचं काम. काय विचारायचं ते सांगते, तुम्ही विचारा." भाषेचं काय, असं शुभदानं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तू चिडल्यावर कुठल्या भाषेत बोलतेस?" शुभदा म्हणाली, मराठीत. "मग हसतेसही तिच्यातच. ती पोरीला मिळू दे. इंग्रजी काय, शाळा देईल."

ऑडिओलॉजिस्टनं आमचं ऐकून घेतलं, तिलाही ते पटलं आणि तिनं ती सोय बंद करून दिली. लगेच काही घडलं नाही. आठवडे गेले. मग एका सकाळी शेजारचे आजोबा नेहमीप्रमाणे आमच्या दारात येऊन आमच्या कचऱ्याच्या डब्यांबद्दल काहीबाही सुचवायला लागले. इरा माझ्या पायाशी उभी होती. तिनं त्यांच्याकडे वर पाहिलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "लई आगाव हाय." आजोबांना वाटलं मुलीनं नमस्कार केला, ते खूश झाले. आत आई पदराचा बोळा तोंडात कोंबून हसत होती, कारण ते तिचं वाक्य होतं. रोज लसूण सोलताना, इराकडे पाठ करून, ती या आजोबांबद्दल हेच पुटपुटायची. इराला ते कोणीही शिकवलं नव्हतं. तिनं ते ऐकलं होतं... मी दार लावलं आणि वृंदाताईंना फोन केला. त्या मीटिंगमध्ये होत्या. मी एवढंच सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "परत सांग." मी परत सांगितलं. त्यानंतर त्या मला अहो-जाहो करायच्या थांबल्या.

घरात मराठी राहिली. इरा उत्तरं इंग्रजीत द्यायची, तेही इथल्या हेलात, पण कळायचं सगळं.

दुसरा प्रसंग तानपुऱ्याचा. शुभदा थोडं गाते. सुट्टीच्या दिवशी इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावून बसते. सात-आठ वर्षांची झाल्यावर इराही तिच्याजवळ बसायला लागली. एकदा ती म्हणाली, "इट गोज अवे, आई." काय निघून जातं, ते आम्हाला कळेना. मी बॅटरी बदलून पाहिली. वृंदाताई आल्या तेव्हा त्यांनी तानपुरा लावला आणि इराला सांगितलं, आवाज येतोय तोवर हात वर ठेव. इरानं हात वर केला. थोड्याच वेळात तो कोपरात वाकला, आणखी खाली आला आणि मांडीवर पडला. तानपुरा चालूच होता. वृंदाताईंनी तिचं एक यंत्र मागून घेतलं आणि यंत्र तपासायला आमच्याकडे असते ती स्टेथोस्कोपसारखी नळी लावून स्वतः ऐकलं. बंद करून, परत लावून ऐकलं. मग नळी काढून ठेवली. आम्ही दोघं त्यांच्याकडे बघत होतो.

"हे माझं काम आहे, मंगेश," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कोणाचं नाही. माझंच."

त्या दिवशी त्यांनी वडिलांबद्दल पहिल्यांदा नीट सांगितलं. मागांच्या खडखडाटानं वडिलांचे कान गेले होते. घरात सगळे ओरडूनच बोलायचे. आपण ओरडतो हे वृंदाताईंना पुण्याच्या होस्टेलवर गेल्यावर कळलं. इथे नोकरीला लागल्यावर त्यांनी पहिली काही वर्षं एकाच गोष्टीवर घालवली. न थांबता चाललेला एकसुरी आवाज ओळखायचा आणि हळूहळू दाबायचा. पंखा, इंजिन, माग. ते जमल्यावर त्या एक जोडी घेऊन इचलकरंजीला गेल्या. भिंतीपलीकडे माग चालू होते. त्यांनी वडिलांच्या कानांना यंत्रं लावली आणि सवयीनं मोठ्यांदा विचारलं, "येतंय का ऐकू?" वडील दचकले आणि म्हणाले, "वरडतीस कशाला? हळू बोल की." मग वृंदाताई म्हणाल्या, "त्यानंतर ते वारले. मला वाटलं, जन्मात एक तरी काम बरोबर केलं..." त्यांनी तानपुऱ्याकडे बोट केलं. "यंत्राला हा आणि माग सारखाच रे. थांबत नाही, बदलत नाही, म्हणजे गोंगाट. हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. तानपुरा मी ऐकलाच कुठे होता?"

ऑडिओलॉजिस्टनं इराच्या यंत्रात संगीतासाठी वेगळी सोय बसवून दिली. बटण दाबलं की यंत्र आवाज दाबायचं थांबायचं. आमच्यापुरता प्रश्न सुटला होता. वृंदाताईंचा सुटला नव्हता. बटण दाबायचं लक्षात राहायला मूल मोठं असावं लागतं, त्या म्हणायच्या, आणि त्याला कोणीतरी सांगावं लागतं की इथे काहीतरी वाजतंय. ज्याला ऐकूच आलं नाही, ते बटण का दाबेल? पुढची दोन-तीन वर्षं त्या वेगवेगळे सूर गोळा करत हिंडल्या. शुभदाचा तानपुरा, कोणाची पेटी, चर्चमधला कॉयर, इराच्या शाळेतल्या टिन व्हिसल, म्हणजे पत्र्याच्या बासऱ्या. ऑफिसात भांडल्या. नेमकं काय भांडल्या ते मला कळलं नाही. "युअर मॅन पुन्हा नाही म्हणाला" एवढंच कानावर यायचं. 'तो अमका' याला इथे युअर मॅन म्हणतात, आणि दर वेळी तो युअर मॅन म्हणजे वेगळाच कोणीतरी असायचा. पुढे इराला नवी यंत्रं मिळाली, ती त्याच कंपनीची निघाली. वृंदाताई आल्या, बटणाला हात न लावता तानपुरा लावला, इराला हात वर करायला सांगितलं. हात वरच राहिला. इतका वेळ राहिला की इरानं कंटाळून दुसऱ्या हाताचा टेकू दिला आणि म्हणाली, "कॅन आय स्टॉप नाऊ?" वृंदाताई हसत उठल्या आणि आमच्या बागेत जाऊन एकट्याच उभ्या राहिल्या. मी चहा घेऊन गेलो. यात तुमचं किती, मी विचारलं. "सांगता येत नाही रे. ढीगभर माणसं असतात." मग एक घोट घेऊन म्हणाल्या, "थोडं आहे."

आजार त्यानंतरच्या हिवाळ्यात निघाला. त्यांनी आम्हाला सांगितलं तेही "तशी मी ग्रँड आहे, फक्त" अशी सुरुवात करून. औषधं जबरदस्त होती, आणि त्यातल्या एका औषधाचा कानांवर परिणाम होऊ शकतो हे त्यांना आमच्यापेक्षा, कदाचित डॉक्टरांइतकंच, ठाऊक होतं. तसंच झालं. आधी पक्षी गेले. मग किटलीची शिटी गेली. मग स, श, फ हे सगळे एकसारखे व्हायला लागले. एका रविवारी त्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा डोक्याला रुमाल होता आणि त्या रुमालाखालून, कानामागे, एक राखाडी यंत्र दिसत होतं. इरा उडी मारून पुढे झाली. "यू'व्ह गॉट देम इन राँग," ती म्हणाली.

त्यानंतर त्यांना यंत्र वापरायला शिकवायचं काम इराकडे गेलं. रात्री ते कोरडं कसं करायचं, घामानं बंद पडलं तर काय, हॉटेलात कुठल्या खुर्चीवर बसायचं, लोक एकदम बोलायला लागले की न लाजता थांबवायचं कसं... दहा-अकरा वर्षांची मुलगी शिकवत होती आणि ज्यांनी आयुष्य त्या यंत्रांच्या आतड्यांत घालवलं त्या बाई मान हलवून ऐकत होत्या. एकदा त्या मला म्हणाल्या, "मला वाटायचं मला माहीत आहे. पण हे थकवतं रे. ऐकून ऐकून माणूस दमतं. ही पोरगी शाळेतून आली की कानातली काढून बसते ना, ते आता मला कळलं."

शेवटच्या भेटीत हॉस्पिसच्या खोलीत ऊन आलं होतं. खिडकीबाहेर रॉबिन पक्षी गात होता. इरानं विचारलं, तुला येतोय का ऐकू? वृंदाताईंनी मान हलवली, नाही. "हाऊ डझ इट गो?" त्यांनी तिच्याच भाषेत विचारलं. इरानं जरा विचार केला आणि तो आवाज काढून दाखवायला लागली. चुकली, थांबली, खिडकीशी कान नेऊन पुन्हा ऐकलं, परत येऊन पुन्हा काढला. वृंदाताई डोळे मिटून ऐकत होत्या. निघताना त्यांनी शुभदाचा हात धरला, मला म्हणाल्या, "आमटी तुझीच चांगली होते, हे कधी कबूल केलं नाही मी." मी म्हणालो, आम्हाला माहीत होतं. त्या हसल्या.

त्यांचे धाकटे भाऊ, दिलीपराव, इचलकरंजीहून आले. अंत्यसंस्कार झाले, मॉरीननं सँडविचेस केले, ऑफिसातली माणसं येऊन गेली. मग फ्लॅट रिकामा करायचा म्हणून मी आणि इरा त्यांच्या मदतीला चेरीवूडला गेलो. दिलीपराव साधे, मोठ्या आवाजात बोलणारे गृहस्थ. बहिणीच्या घरात ते पहिल्यांदाच आले होते आणि काही तरी चमत्कारिक आहे असं त्यांना वाटत होतं, पण काय ते सांगता येत नव्हतं. भांडी काढायला त्यांनी स्वयंपाकघरातला प्रेस उघडला. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. काढून झाल्यावर आपल्याकडे लावतात तसं त्यांनी ते दार धाडकन लोटलं. आवाज झाला नाही. त्यांनी पुन्हा लोटलं. मग वाकून पाहिलं. दाराच्या कडेला आतून बोटभर फेल्टच्या, म्हणजे जाड लोकरी कापडाच्या, चकत्या चिकटवल्या होत्या. त्यांनी शेजारचं दार पाहिलं, तिथेही. ड्रॉवरमध्ये चमच्यांखाली जाड कापड. खुर्ची उलटी केली, चारही पायांना फेल्ट. टेबलाला खालून, स्टुलाला, बाथरूमच्या दाराला. काही चकत्या नव्या होत्या, काही झिजून पुन्हा बदललेल्या. इराला घेऊन मी इतक्या वेळा त्या घरात आलो होतो. माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

"घराशेजारी माग वाजल्याबिगर हिला झोप यायची नाही," दिलीपराव म्हणाले. "मग हे असलं कशापायी केलं हिनं?"

इरा जमिनीवर बसून खोक्यात पुस्तकं भरत होती. तिची पाठ आमच्याकडे होती. तिनं वळून पाहिलंही नाही. पुस्तक खोक्यात ठेवता ठेवता ती मराठीत म्हणाली,

"माझ्यासाठी. मी यायचे ना."

दिलीपरावांनी खुर्ची सरळ केली. मग ते पुन्हा प्रेसपाशी गेले आणि राहिलेली दारं एकेक करून, अगदी हळू, लावत गेले.